मणेरीकर बाईंचं अपील

मणेरीकर बाईंचं आडनाव आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांना म्हणता येत नसे. वसईच्या पश्चिमेला, जिथे केळीच्या वाड्या आता तुकड्यातुकड्यांनी उरल्या आहेत, तिथल्या एका गावात आमची मराठी शाळा. मुलं आसपासच्या गावांतली, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही. घरी ती 'पानी' म्हणत, 'लोनी' म्हणत, आणि शाळेत आली की 'मनेरीकर बाई' म्हणत. पाचवीच्या वर्गावर पहिल्या दिवशी गेल्या की बाई फळ्यावर भलामोठा ण काढायच्या आणि सांगायच्या, "हा माझ्या नावात राहतो. याला घराबाहेर काढायचं नाही."

मुलांच्या बोलीला मात्र त्या कधी हसल्या नाहीत. दुसरं कुणी हसलं तर त्यांना चालत नसे. एकदा मुंबईहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी एका मुलाची नक्कल केली, तेव्हा बाईंनी त्यांना शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुमची आई तुमच्याशी पुस्तकातलं बोलते का? मास्तर पुढे बरेच दिवस त्यांना टाळत राहिले. बाईंचं म्हणणं सरळ होतं: घरचं घरी बोला, शाळेतलं शाळेत शिका, आणि दोन्ही नीट बोला. वर्गातल्या पोरांच्या तोंडून ऐकलेला एखादा नवा शब्द सापडला की मधल्या सुट्टीत त्या तो मला येऊन सांगायच्या. मी गणिताची. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा म्हणून मी ऐकायचे.

दोन गोष्टींसाठी त्या शाळेत प्रसिद्ध होत्या. एक म्हणजे त्यांचा 'नक्की?'. मुलानं उत्तर दिलं की चूक की बरोबर हे न सांगता त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "नक्की?" बरोबर उत्तर देणारी पोरंही डगमगायची आणि बदलून चुकीचं सांगायची. मग बाई म्हणायच्या, येत होतं तुला, पण स्वतःवर विश्वास नव्हता. माझ्या वर्गावरून जातानासुद्धा त्यांना राहवत नसे. मी फळ्यावर गणित सोडवत असले तर दारातून "नक्की?" असा आवाज यायचा आणि अख्खा वर्ग हसायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरे. बाई चेहरा विसरत नसत. विरारच्या भाजीबाजारात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे दर दहा पावलांना थांबणं. दाढी वाढलेला, पोट सुटलेला, कडेवर मूल घेतलेला एखादा माणूस समोरून यायचा आणि बाई त्याला नावानं हाक मारायच्या. तो बावचळून बघत राही. बाई त्याला त्याचा बाक सांगायच्या, शेजारी कोण बसायचं ते सांगायच्या, आणि वर त्याच्या धाकट्या बहिणीची चौकशी करायच्या. बँकेत एकदा खिडकीमागच्या साहेबांना त्यांनी ओळखलं आणि तिथल्या तिथे साहेबांच्या सातवीतल्या छडीची आठवण काढली. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत. डोकं म्हातारं होईल, म्हणायच्या, पण माझे डोळे होणार नाहीत.

निवृत्तीनंतर त्या विरार पश्चिमेच्या आपल्या फ्लॅटमध्येच रमल्या होत्या. मणेरीकर काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कानांनी अधू, घरातून फारसे न हलणारे. बाई मात्र रोज पहाटे आगाशीच्या रस्त्यानं फिरायला जायच्या. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आले होते, त्यामुळे सकाळी त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर ऐकू यायचा.

त्याच रस्त्यावर थंडीच्या दिवसांत एका सकाळी त्यांना लुटलं. मोटरसायकलवरून दोघं आले. मागचा उतरला, त्यानं सुरा दाखवला आणि मंगळसूत्र ओढलं. बांगड्या निघेनात म्हणून हात पिरगाळला, त्यात सुरा लागला आणि तळहातावर खोल जखम झाली. तो एवढंच बोलला होता: "ओरडू नकोस. इथे कोणी येणार नाही." बाई ओरडल्या नाहीत. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. रस्त्यावरचा दिवा लांब होता, धुकं होतं, पण त्यांनी बघितलं. रक्तानं भिजलेला पदर हाताला गुंडाळून त्या चालत घरी आल्या तेव्हा जिन्यातच मला म्हणाल्या, "मीना, मी त्याला पुरता बघितलाय. कुठेही ओळखीन."

काही आठवड्यांनी पोलिसांनी एकाला पकडलं. हरेश त्याचं नाव, नायगावच्या खाडीकाठच्या गावातला, पंचविशीचा, छोटा टेम्पो चालवणारा. पूर्वी एका मारामारीत त्याचं नाव आलं होतं, त्यामुळे त्याचा फोटो पोलिसांकडे होताच. बाईंना ठाण्याच्या तुरुंगात ओळखपरेडसाठी नेलं. एकसारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत हरेश उभा होता. बाईंनी क्षणभरही न थांबता त्याच्यासमोर जाऊन बोट दाखवलं. दागिने सापडले नाहीत, मोटरसायकल सापडली नाही, दुसरा माणूस तर कधीच सापडला नाही. खटला उभा राहिला तो बाईंच्या डोळ्यांवर.

वसईच्या कोर्टात साक्ष होती तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले होते, कारण काकांना जिने चढवत नसत. बाईंनी ठेवणीतली सुती साडी नेसली होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या वर्गात उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी विचारलं, तुमच्यावर सुरा धरणारा माणूस आज कोर्टात आहे का? बाईंनी हरेशकडे बोट केलं. वकील म्हणाले, "नक्की हाच?"

"नक्की," बाई म्हणाल्या.

आरोपीला सरकारकडून मिळालेला वकील तरुण होता, घाईत होता. त्यानं धुक्याबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, बाईंच्या चष्म्याचा नंबर विचारला, आणि बसला. हरेशच्या आईनं, हिरूबाईनं, साक्ष दिली की त्या पहाटे पोरगा खाडीवर जाळं लावायला गेला होता. सरकारी वकील एवढंच म्हणाले की आई दुसरं काय सांगणार.

निकालाच्या दिवशी बाई स्वतःहून आल्या होत्या. दंडाधिकाऱ्यांनी निकाल वाचला. फिर्यादी या सुशिक्षित, निवृत्त शिक्षिका असून त्यांची साक्ष संपूर्ण विश्वासार्ह आहे, असं त्यात होतं. ते ऐकताना बाईंची मान ताठ झालेली मी पाहिली. आरोपी दोषी. मग शिक्षेबद्दल तुला काय सांगायचं आहे, असं दंडाधिकाऱ्यांनी त्याला विचारलं. इतक्या महिन्यांत हरेश कोर्टात एक शब्द बोलला नव्हता, निदान बाईंच्या देखत तरी नाही. तो कठड्याला धरून उभा होता. म्हणाला, "मी काय सांगू, सायेब. माझा कोन आयकनार?"

तीन वर्षं सक्तमजुरी झाली. हिरूबाई मागच्या बाकावर बसून राहिली, रडली नाही. पोलीस हरेशला घेऊन गेले.

एरवी रिक्षात बसल्या की आधी रिक्षावाल्याचं गाव विचारायच्या, वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांवरचं अशुद्ध वाचून दाखवायच्या. त्या दिवशी हाताची जखम जिथे होती तिथे अंगठा फिरवत राहिल्या. इमारतीपाशी उतरल्यावर म्हणाल्या, "मीना, त्याला ण येत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. सुरा धरणारा माणूस 'कोणी' म्हणाला होता, 'येणार' म्हणाला होता. दोन्ही ण स्वच्छ, शाळेतल्या मुलासारखे. मी म्हटलं, बाई, कोर्टात घाबरला असेल, घाबरल्यावर घरचं तोंडात येतं. त्या म्हणाल्या, हो, तसंही असेल. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं काकांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

पुढच्या काही दिवसांत त्यांच्या मनातून दुसरी गोष्ट वर आली, आणि ती ण-पेक्षा कितीतरी जड होती. ओळखपरेडच्या आदल्या आठवड्यात एक हवालदार त्यांच्या घरी आला होता. चहा पिता पिता त्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला आणि विचारलं, हा वाटतो का बघा. बाईंना तो वाटला होता. मग तुरुंगात रांगेत त्यांनी ज्याला झटकन ओळखलं तो रस्त्यावरचा चेहरा होता, की मोबाईलवरचा? कोर्टात हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही त्यात काही सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. "डोळे मिटले की मला आता तो रस्त्यावरचा दिसतच नाही," त्या म्हणाल्या. "मोबाईलमधलाच दिसतो."

काकांचं मत होतं की हा विषय आता सोडावा. शिक्षा कोर्टानं दिली, आपण नाही. बाई वकील शोधायला निघाल्या.

हरेशचं अपील सत्र न्यायालयात दाखल झालं होतं आणि सरकारी मदतीतून ते लोपीस वकिलांकडे आलं होतं. लोपीस म्हणजे आमच्याच शाळेचा विद्यार्थी, बाईंच्या हाताखालून गेलेला. कोर्टाच्या आवारात एका टेबलामागे त्याचं ऑफिस. बाई आल्या म्हणताच तो उठून उभा राहिला आणि बसायला तयार होईना. बाईंनी त्याला बसायला लावलं आणि सगळं सांगितलं. ण बद्दल ऐकून तो कसनुसा हसला. म्हणाला, "बाई, मी आजही घरी पानी म्हणतो आणि कोर्टात पाणी म्हणतो. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. सरकारी वकील हेच म्हणतील." पण फोटोचं ऐकल्यावर तो सरळ बसला. त्याचं म्हणणं पडलं की परेडच्या आधी फोटो दाखवला असेल तर त्या परेडला अर्थच उरत नाही, आणि परेड गेली तर या खटल्यात काही उरत नाही. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, पण अर्ज करता येतो. फक्त एक होतं. कोर्ट बाईंनाच विचारणार की तेव्हा का नाही सांगितलं. खोटी साक्ष दिली असाही ठपका येऊ शकतो.

"तो निर्दोष आहे असं तुमचं म्हणणं आहे का, बाई?" त्यानं विचारलं.

"तोच असेलही," बाई म्हणाल्या. "मला माहीत नाही. मला माहीत नाही एवढंच मला कोर्टाला सांगायचंय."

लोपीसनं अर्ज तयार करायला घेतला. निघताना त्यानं बजावलं की तारीख लागेपर्यंत आरोपीच्या माणसांशी अजिबात बोलू नका.

बाईंनी ते ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. तरी पुढच्या रविवारी त्या मला म्हणाल्या, नायगावला जायचंय, तू येतेस की मी एकटी जाऊ? मी त्यांना वकिलाची आठवण करून दिली. म्हणाल्या, त्या बाईचा मुलगा माझ्या बोटानं आत गेलाय. तिला न भेटता मी कोर्टात काय उभी राहू?

नायगावच्या नव्या टॉवरांच्या मागे, खाडीच्या अंगाला, ते गाव आहे. टॉवरांच्या पार्किंगमधून वाट जाते आणि मग एकदम घरं बुटकी होतात. हिरूबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. बाईंना तिनं लगेच ओळखलं. हातातलं काम थांबवलं नाही. बाई उभ्याच राहिल्या, बसा असं कुणी म्हटलं नाही. शेजारच्या दोन-तीन बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी सांगितलं की माझी चूक झाली असावी, आणि मी तसं कोर्टात सांगणार आहे.

हिरूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तवा तुमी देवाची शपत घेवून सांगितला, हाच म्हनून. आता कोनची शपत घेनार?"

मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. आयुष्यभर मुलांना, पालकांना, मुख्याध्यापकांना त्यांनी उत्तरं दिली होती. पण त्या तशाच उभ्या राहिल्या. हिरूबाई उठली, आत गेली, पितळेच्या तांब्यात पाणी घेऊन आली आणि बाईंच्या हातात दिलं. "पानी घ्या नि जावा," म्हणाली. बाईंनी ते उभ्यानं संपवलं.

अर्जाची तारीख लागायला पावसाळा उलटला. तोवर बाईंच्यात पडलेला फरक आमच्या इमारतीतल्या सगळ्यांच्या लक्षात आला होता. त्या फिरायला जाईनाशा झाल्या. बाजारात माझ्याबरोबर आल्या तरी मान खाली घालून चालायच्या. एकदा एक माणूस आपणहून पुढे आला, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, बाई, ओळखलंत का? बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. नाव जिभेवर आलंय हे मला दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा. तूच सांग." त्यानं नाव सांगितलं आणि हिरमुसून गेला. भाजीची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली आणि त्या घराकडे वळल्या.

कोर्टातला तो दिवस मला पूर्ण आठवतो. दालनात पंखे होते पण हवा नव्हती. न्यायाधीश वयस्कर, शांत, आवाज न चढवणारे. लोपीसनं अर्ज नीट मांडला. मग सरकारी वकील उठले. त्यांनी फोटोबद्दल काहीच म्हटलं नाही. ते म्हणाले की फिर्यादी ही आरोपीच्या घरी जाऊन आली आहे, तपास अधिकाऱ्यांना गावातून तशी माहिती मिळाली आहे, आणि त्यानंतरच हा अर्ज आला आहे. लोपीसनं वळून बाईंकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं.

न्यायाधीशांनी बाईंना पुढे बोलावलं. आदरानं बोलावलं. विचारलं, "तुम्ही आरोपीच्या घरी गेला होता का?"

लोपीसचा चेहरा मला दिसत होता. बाईंनी नाही म्हटलं असतं तर ते खोटं पाडायला गावातली एखादी बाई आणावी लागली असती, आणि ती कशाला आली असती? पण बाई नाही म्हणणार नव्हत्या. ते त्यालाही माहीत होतं, त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"हो साहेब," बाई म्हणाल्या. "त्याच्या आईला भेटायला."

"तिथे काही देणंघेणं, काही बोलणं झालं?"

"त्यांनी मला पाणी दिलं."

दालनात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तिकडे पाहिलं तसं ते थांबलं. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, त्यांच्या वयाबद्दल आणि मनाच्या कोवळेपणाबद्दल दोन चांगले शब्द बोलले, आणि अर्ज फेटाळला. आदेशात लिहिलं गेलं की साक्षीदार ही सहानुभूतीपोटी वा दबावापोटी आरोपीकडे वळलेली दिसते, आणि खटल्याच्या वेळी दिलेली तिची साक्षच अधिक विश्वासार्ह आहे. म्हणजे बाईंवर विश्वास ठेवूनच बाईंचं म्हणणं नाकारलं होतं. हे मी त्यांना पायऱ्या उतरताना म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझीच साक्ष आहे ना ती. चांगली दिली होती मी."

बाहेर लोपीस आला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं बाई नंतर म्हणाल्या. तो फक्त दमलेला दिसत होता. आता दोषी ठरवण्याच्या विरोधात लढण्यात अर्थ नाही, असं त्यानं सांगितलं. अपिलाची सुनावणी अजून किती लांबेल सांगता येत नाही. हरेशनं शिक्षेतला मोठा भाग आत काढलाच आहे. गुन्हा मान्य आहे असं धरून फक्त शिक्षा कमी मागायची, भोगली तेवढी पुरे म्हणायचं. कोर्ट ते ऐकेल. पोरगा घरी जाईल.

"पण मग तो चोर राहील," बाई म्हणाल्या.

"घरी राहील, बाई."

त्यांनी विचारलं की हरेशचं काय म्हणणं आहे. लोपीस म्हणाला, मी त्याला तुरुंगात भेटून विचारलं. त्यानं एवढंच विचारलं की कुठल्या वाटेनं लवकर सुटेन.

आणि तसंच झालं. पुढच्या काही तारखांनंतर अपिलाचा निकाल लागला. दोषसिद्धी कायम, शिक्षा भोगलेल्या मुदतीइतकी. लोपीसनं न्यायाधीशांचे आभार मानले, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. सगळं इतक्या सौम्यपणे झालं की कुणाला वाटावं काहीतरी चांगलं घडलंय. बाई मागच्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझं एक ऐकाल का?" पट्टेवाल्यानं त्यांना हातानं खाली बसवलं. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं नाही. त्यांना बहुधा ऐकूच गेलं नव्हतं, बाईंचा आवाज तेव्हा फार बारीक झाला होता. ज्यांचा आवाज दोन वर्गांपलीकडे जायचा त्या बाई.

कोर्टाच्या जिन्यात एक सूचना लावलेली होती. तिच्यात 'शांतता' चुकीचं लिहिलं होतं. आम्ही तिच्याखालून गेलो. बाईंनी ती पाहिली नाही.

हरेश सुटला. काही दिवसांनी बाईंनी लोपीसकडून निरोप पाठवला की भेटायचं आहे. निरोपाला उत्तर आलं नाही. मग एकदा वसई स्टेशनबाहेर आम्हाला तोच दिसला, एका टेम्पोतून पाण्याचे जार उतरवत होता. खूप बारीक झाला होता. बाई रस्ता ओलांडून त्याच्यापर्यंत गेल्या. मी मागे थांबले, त्यामुळे बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्यानं जार खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि म्हणाला ते मात्र ऐकू आलं. तो ओरडला नाही, चिडला नाही.

"बाई, तुमी परत येव नका. तुमी आल्या का लोकांना आठवन होते."

त्याचं टेम्पो चालवायचं काम गेलं होतं. मालक म्हणाला, लुटमारीत शिक्षा झालेल्याच्या हातात गाडी कशी देऊ. आता तो दुसऱ्याच्या टेम्पोवर माल चढवायला-उतरवायला जायचा. आणि लोपीसनं आम्हाला दुसरी गोष्ट सांगितली ती याहून वाईट होती. वसईपासून विरारपर्यंत कुठेही सोनसाखळी ओढली गेली की पोलीस आधी हरेशच्या घरी जायचे. त्याला आणून दिवसभर बसवून ठेवायचे, विचारायचे, सोडायचे. पहिल्यांदा त्याच्याविरुद्ध एका मारामारीचा कागद होता. आता कोर्टाचा शिक्का होता. आणि तो शिक्का, लोपीस म्हणाला, आता पुसता येणार नाही, अपील आपणच शिक्षेपुरतं चालवलं.

बाईंनी हे ऐकल्यावर वरच्या कोर्टाची चौकशी केली. लोपीसनं त्यांना समजावलं की हरेशची सही लागेल आणि हरेश देणार नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, मीही दिली नसती.

त्यानंतर त्या घरातच राहायला लागल्या. मी वर जाऊन बसायचे. काका रेडिओ लावून बसलेले असायचे आणि बाई खिडकीपाशी. बोलणं थोडंच व्हायचं. शाळेतली कुणी मुलगी भेटायला आली तर पूर्वी तिला जाऊ द्यायच्या नाहीत. आता लवकर कंटाळायच्या. एकदा मी सहज म्हटलं, बाई, तुम्ही तुमच्या परीनं सगळं केलंत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय केलं? जे केलं ते त्या पिंजऱ्यात केलं. नंतरचं सगळं कुणाला लागलंच नाही." मी चहा करायला उठले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घरी नव्हे. त्यानंतर महिनाभरात झोपेतच त्या गेल्या, आणि तेव्हा मी गावी होते.

तो दिवस शनिवारचा होता. शाळा सकाळची होती आणि मी स्कूटरवरून घरी चालले होते. सकाळी कुठेतरी पुन्हा एका बाईची साखळी ओढली गेल्याचं शिक्षकखोलीत कुणीतरी सांगितलं होतं. पोलीस ठाण्यासमोरून जाताना मला बाई दिसल्या. आवारात झाडाखाली लाकडी बाक होता, त्याच्या एका टोकाला त्या बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. दुसऱ्या टोकाला हिरूबाई होती. दोघींच्या मध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा होती. दोघी बोलत नव्हत्या, एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

मी स्कूटर लावून आत गेले. बाई म्हणाल्या, लोपीसचा फोन आला होता, सकाळपासून आत बसवलाय त्याला. मी म्हटलं, ऊन चढलंय, तुम्हाला घरी सोडते, काका वाट बघत असतील. त्या म्हणाल्या, "तू जा. तो बाहेर आला की मी जाईन. तो माझ्याकडे बघत नाही, पण बाहेर कुणीतरी बसलंय एवढं आतल्यांना दिसलं पाहिजे." तेव्हा मला समजलं की त्यांची ही पहिली खेप नव्हती.

तेवढ्यात एक तरुण शिपाई बाहेर आला. त्यानं विचारलं की आतल्या पोरासाठी डबा कुणी आणलाय. हिरूबाई उठली, डबा घेऊन त्याच्या मागे निघाली. बाईही उठल्या. आपल्या पिशवीतला डबा त्यांनी बाहेर काढला. शिपायानं त्यांना हात करून थांबवलं. म्हणाला, नातेवाईक एकच जाईल.

मग बाईंचे पांढरे केस, इस्त्रीची साडी, चष्मा बघून त्याचा आवाज जरा नरम झाला. त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही याच्या कोण?"

"मी फिर्यादी," बाई म्हणाल्या.

शिपायाला काही कळलं नाही. तो हिरूबाईला घेऊन आत गेला. बाई डबा हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.